भिंतीवरची बुरशी, मुलाचा खोकला आणि तीनशे पौंडांचा कागद

प्रश्न: ताई, आम्ही चौदा महिन्यांपासून इंग्लंडमध्ये एका खासगी मालकाच्या दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये भाड्याने राहतो. पहिल्याच हिवाळ्यात मुलाच्या खोलीत बाहेरच्या भिंतीवर काळे ठिपके आले. आता कपाटामागची भिंत सगळी काळी पडली आहे आणि गादी खालून बुरसटली आहे. मुलगा चार वर्षांचा आहे. त्याला रात्रभर खोकला येतो, जीपीने (फॅमिली डॉक्टरने) इनहेलर दिला आहे. एजंटला कितीदा फोन केले, तर म्हणतो, "तुम्ही घरात कपडे वाळवता, स्वयंपाक फार करता, खिडक्या उघडत नाही." आता मालक तीनशे पौंड द्यायला तयार आहेत, पण 'यापुढे आमची काही तक्रार नाही' अशा कागदावर सही हवी आहे. मालक आपल्याच ओळखीतले आहेत. ह्यांचं म्हणणं, व्हिसाचं नूतनीकरण जवळ आलंय, नसती भानगड नको. सासूबाई म्हणतात, भाडं बंद करा, सुतासारखे सरळ येतील. मी 'टॉक्सिक मोल्ड'बद्दल वाचून घाबरून गेले आहे. आमचा हक्क काय? मुलाच्या आजारपणाची भरपाई मागता येते का? – एक आई

उत्तर: आधी एकच सांगते, त्या कागदावर सही करू नका. तुम्हीही नाही आणि ह्यांनीही नाही. मालक सज्जन असतील, पैसे मनापासून देत असतील, पण 'फुल अँड फायनल सेटलमेंट' म्हणून सही झाली की गादी, कपडे, या सगळ्या महिन्यांचं भाडं, साऱ्याचा हिशेब तीनशे पौंडांत मिटतो. मुलाच्या बाबतीत तर आईवडिलांची सही पुरतच नाही. अठरा वर्षांखालच्या मुलाच्या दाव्याची तडजोड इंग्लंडमध्ये कोर्टाने मंजूर केल्याशिवाय पक्की होत नाही. एजंटला हे माहीत नसेल, किंवा तुम्हाला माहीत नाही असं तो धरून चालला असेल. त्याला एवढंच लिहा: कागद मिळाला, आम्ही सल्ला घेतो आहोत, तोवर दुरुस्ती थांबवू नये. कागद मात्र जपून ठेवा.

तुमच्या पत्रात दोन दावे एकमेकांत गुंतले आहेत. एक घराचा आणि दुसरा मुलाच्या छातीचा. घराचा दावा भक्कम आहे, आजारपणाचा अवघड आहे. इंटरनेटवरचं वाचून माणूस नेमका उलट्या क्रमाने निघतो. विषारी बुरशी, लाखो डॉलरची भरपाई, असल्या बातम्या बहुतेक अमेरिकेतल्या असतात. त्यातली सगळ्यात गाजलेली टेक्ससची. २००१ मध्ये ज्युरीने एका कुटुंबाला विमा कंपनीकडून सुमारे ३ कोटी २० लाख डॉलर देवविले. वरच्या कोर्टात ते पुढच्याच वर्षी सुमारे ४० लाखांवर आले, हे फारसं कोणी लिहीत नाही. आणि त्या खटल्यात आजारपणाचा वैद्यकीय पुरावा न्यायाधीशांनी ज्युरीपुढे येऊच दिला नव्हता. रक्कम ठरली ती घराची नासाडी आणि विमा कंपनीची वागणूक यांवर. म्हणून म्हणते, आधी घराचं धरा.

घराचा कायदा तुमच्या बाजूने आहे, पण तो कायम तसा नव्हता. १९८५च्या लँडलॉर्ड अँड टेनंट ॲक्टच्या कलम ११ प्रमाणे घराचा ढाचा, बाहेरचा भाग, पाण्याची आणि हीटिंगची व्यवस्था दुरुस्त ठेवणं ही मालकाची जबाबदारी. यात एक मोठी फट होती. त्याच वर्षी वेल्समधल्या एका भाडेकरूचं प्रकरण अपील कोर्टात गेलं. खिडक्या लोखंडी, एकेरी काचेच्या. त्यांवर इतकं पाणी धरायचं की घरातलं सामान, कपडे, गालिचे कुजले. तरीही भाडेकरू हरला. का, तर खिडकी मोडलेली नव्हती, ती मुळातच वाईट होती; आणि 'दुरुस्ती' मोडलेल्या गोष्टीची असते. पुढची तीसेक वर्षं एजंट लोक याच निकालाच्या जिवावर "हे तर कंडेन्सेशन आहे", म्हणजे गार भिंतीवर हवेतली वाफ धरते आहे, असं सांगून मोकळे होत. ही फट बुजवली २०१८च्या 'होम्स (फिटनेस फॉर ह्यूमन हॅबिटेशन) ॲक्ट'ने. २० मार्च २०१९ नंतर सुरू झालेल्या भाडेकरारांत घर राहण्यायोग्य असणं ही मालकाची अट कायद्यानेच घातलेली असते, करारात तसं लिहिलेलं असो वा नसो. योग्य की अयोग्य हे ठरवताना ओल आणि हवा खेळती आहे का, या दोन्ही गोष्टी बघायच्या असं कायद्यात नावानिशी आहे. काही मोडलंय का, हा प्रश्नच मागे पडतो. तुमचा करार चौदा महिन्यांपूर्वीचा, म्हणजे तुम्ही यात बसता. (हे इंग्लंडपुरतं, स्कॉटलंड आणि वेल्सचे कायदे वेगळे आहेत.)

आता 'तुम्हीच ओल करता' हे पालुपद. मालकाची सुटका होऊ शकते, नाही असं नाही. भाडेकरूने घर नीट वापरलं नाही म्हणून खराबी झाली असेल तर. पण स्वयंपाक करणं, आंघोळ करणं, हिवाळ्यात दोरीवर कपडे घालणं याला घरात राहणं म्हणतात. सरकारने सप्टेंबर २०२३ मध्ये मालकांसाठी ओल आणि बुरशीबद्दल मार्गदर्शिका काढली, तिच्यात भाडेकरूच्या 'लाइफस्टाइल'ला दोष देणं गैर आहे असं स्पष्ट म्हटलं आहे. एजंटला उत्तर देताना तिचा उल्लेख जरूर करा.

शिवाय मोजून दाखवा. वाद इथेच जिंकला जातो. मुलाच्या खोलीत आर्द्रता मोजणारा एक साधा हायग्रोमीटर ठेवा आणि भिंतीवर रोखून तापमान दाखवणारं इन्फ्रारेड थर्मामीटर मिळवा. समजा खोलीत २० अंश तापमान आहे आणि आर्द्रता ५० टक्के. यात कोणी नाव ठेवण्यासारखं काही नाही. पण त्याच खोलीतला कपाटामागचा कोपरा साडेबारा अंशांपर्यंत गार असेल, तर तिथल्या भिंतीला लागलेल्या हवेची आर्द्रता ८० टक्क्यांना पोचते. बुरशीला भिंत भिजलेली लागत नाही, तेवढी दमट हवा पुरते. म्हणजे खोलीतली हवा चांगली आणि भिंत काळी, असं तुमच्या नोंदींत आलं तर दोष भिंतीत आहे, तुमच्या फोडणीत नाही. उलट आर्द्रता रोज ७५-८० दिसत असेल तर तेही प्रामाणिकपणे बघायला हवं. बाथरूमचा पंखा खरंच हवा ओढतो का? टिश्यू पेपरचा तुकडा जाळीला लावा; चिकटून राहिला नाही तर पंखा नुसताच आवाज करतो आहे, आणि तो मालकाने बदलायचा. डाग पावसानंतर वाढतो का, जमिनीपासून वर चढत जाणारी ओलीची रेघ आहे का, बाहेरच्या बाजूला त्याच जागी पन्हाळीचा पाइप गळतो का, हेही पाहा. फोटो आधी, पुसणं नंतर. पण पुसा नक्की. नुकसान वाढू न देणं ही तुमचीही जबाबदारी आहे, आणि कोर्टात पहिला प्रश्न तोच येतो. मुलाला आजपासून दुसऱ्या खोलीत झोपवा आणि पुसताना त्याला लांब ठेवा.

तुमची एकच बाजू मला कच्ची वाटली. सगळं फोनवर झालंय. खराबीची खबर मिळाल्याशिवाय घराच्या आतल्या दुरुस्तीची जबाबदारी मालकावर सुरू होत नाही. हे १९७३ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च कोर्टाने, अशा प्रकरणात सांगितलं, जिथे झोपलेल्या जोडप्याच्या अंगावर छत कोसळलं होतं. छतात दोष आहे हे आधी कोणालाच कळलं नव्हतं म्हणून मालक सुटला. तुमच्या एजंटला कळलेलं आहे आणि तोंडी खबरही चालते, पण उद्या तो "मला कोणी बोललंच नाही" म्हणाला तर? फोनमधल्या कॉलच्या यादीचे स्क्रीनशॉट आजच काढा. मग ईमेल लिहा, एजंट आणि मालक दोघांना एकाच वेळी. फार वकिली भाषा नको. 'अमुक तारखेपासून आम्ही फोनवर कळवत आहोत की लहान बेडरूमच्या बाहेरच्या भिंतीवर ओल आणि बुरशी आहे. फोटो जोडले आहेत. या खोलीत चार वर्षांचा मुलगा झोपत होता, त्याला श्वासाचा त्रास आहे. ओलीचं कारण शोधण्यासाठी तपासणी कधी करणार आणि काम कधी सुरू होणार, हे सात दिवसांत लेखी कळवावं.' बस. राग, शाप, 'कोर्टात खेचू' असलं काही नको. ही ईमेल उद्या न्यायाधीश वाचणार आहे असं समजून लिहा.

सात दिवसांत हालचाल झाली नाही तर कौन्सिलकडे, म्हणजे तुमच्या भागाच्या स्थानिक प्रशासनाकडे, जा. तिथे एन्व्हायर्न्मेंटल हेल्थ विभागाचे अधिकारी घर तपासतात आणि भाडेकरूकडून पैसे घेत नाहीत. २००४च्या हाउसिंग ॲक्टखाली ते घरातले २९ प्रकारचे धोके तपासतात आणि त्या यादीत पहिलाच ओल आणि बुरशीचा. 'कॅटेगरी वन', म्हणजे सगळ्यात गंभीर, धोका ठरला तर कारवाई करणं कौन्सिलवर बंधनकारक असतं. कौन्सिल संथ असते, पाठपुरावा करावा लागतो. पण तिसऱ्या, निःपक्षपाती माणसाचा अहवाल हातात येतो, त्याचं मोल मोठं आहे.

तुम्ही वाचलं असेल की चोवीस तासांत मालकाने यायलाच हवं. तो 'अवाब्ज लॉ'. रॉचडेलमधला अवाब इशाक दोन वर्षांचा होता. डिसेंबर २०२० मध्ये गेला. घरातल्या बुरशीत दीर्घकाळ राहिल्याने श्वसनाचा गंभीर विकार होऊन तो गेला, असं कॉरोनरने, म्हणजे मृत्यूच्या कारणाची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने, नोव्हेंबर २०२२ मध्ये नोंदवलं. वडिलांनी २०१७ पासून तक्रार केली होती, त्यांना बुरशीवरून रंग मारून घ्या असं सांगण्यात आलं होतं. त्यातून आलेले नियम २७ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाले: तातडीच्या धोक्याला २४ तास, गंभीर ओल-बुरशीची तपासणी कामाच्या दहा दिवसांत, आणि धोका आढळल्यावर पुढच्या पाच कामाच्या दिवसांत घर सुरक्षित करणं. पण हे नियम कौन्सिलच्या आणि हाउसिंग असोसिएशनच्या (ना-नफा गृहसंस्थांच्या) घरांसाठी आले. खासगी घरांपर्यंत ते नेण्याची तरतूद २०२५च्या रेंटर्स राइट्स ॲक्टमध्ये आहे, पण तुमच्या मालकावर आज त्या मुदती दाखवून दबाव आणू नका. एजंट तेवढीच एक चूक पकडेल आणि बाकीचं बरोबर असलेलं झटकून टाकेल.

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा आणि भाडं चालू ठेवा. १ मे २०२६ पासून कारण न देता घर खाली करायला लावणारं सेक्शन २१ गेलं. तक्रार केली म्हणून नोटीस हातात पडण्याची जुनी भीती त्यामुळे बरीच कमी झाली. पण तीन महिन्यांचं भाडं थकलं, की मालकाला घर परत मिळवण्याचा असा आधार मिळतो जिथे न्यायाधीशाला दयामाया दाखवायला जागा नसते. भक्कम दावा असलेली माणसं या एका पायी घराबाहेर गेलेली आहेत. दुरुस्ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करून घेण्याची एक रीत कायद्यात आहे, पण आधी लेखी इशारा, मग कोटेशनं, मग पुन्हा मुदत, अशा पायऱ्या सांभाळाव्या लागतात. बाहेरच्या भिंतीच्या कामाला ती नाहीच झेपायची. घर सोडायचंच ठरलं, तर नव्या नियमाने दोन महिन्यांची नोटीस देऊन कधीही निघता येतं, आणि निघाल्याने मागच्या काळाचा दावा बुडत नाही.

आता मुलाचं. कायद्याने त्याचा स्वतःचा दावा होऊ शकतो. भाडेकरार त्याच्या नावावर नाही म्हणून अडत नाही. १९७२च्या डिफेक्टिव्ह प्रिमायसेस ॲक्टप्रमाणे घरातल्या दोषामुळे ज्यांना इजा होऊ शकते अशा कोणाहीबद्दल मालकाला काळजी घ्यावी लागते. अडतं ते 'याच बुरशीमुळे' हे सिद्ध करण्यात. ओल आणि बुरशी असलेल्या घरांत खोकला, दमा, श्वसनाचे संसर्ग अधिक आढळतात, हे जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्येच मांडलं आहे. पण कोर्ट विचारणार या मुलाबद्दल. चार वर्षांच्या मुलाला नर्सरीतल्या सर्दीनेही खोकला होतो, घरात दम्याचा इतिहास असू शकतो, आणि समोरचा वकील हे सगळं काढणार. म्हणून जीपीकडे जाल तेव्हा 'खोकला आहे' एवढ्यावर थांबू नका. घरात बुरशी आहे, फोटो हे बघा, आणि ही गोष्ट त्याच्या नोंदीत लिहा असं सांगा. घरी एक वही ठेवा: कोणत्या रात्री खोकला, इनहेलर किती वेळा, आणि आठवडाभर बाहेर कुठे राहिलात तर तिथे काय झालं. तिथे तो शांत झोपला आणि परत आल्यावर दुसऱ्या रात्री खोकला सुरू, अशी नोंद तज्ज्ञ डॉक्टरला खूप काही सांगून जाते. बुरशीची जात शोधणारी चाचणी विकत घेऊ नका. जात कुठलीही असो, काढायची तर आहेच. 'विषारी' असा शिक्का मिळाल्याने दावा मोठा होत नाही. आणि वैद्यकीय पुरावा येईपर्यंत दुरुस्ती लांबवू नये, असं त्या २०२३च्या मार्गदर्शिकेतच सांगितलं आहे.

यात घाई नाही. शारीरिक इजेच्या दाव्याला सर्वसाधारणपणे तीन वर्षांची मुदत असते, पण मुलाच्या बाबतीत ती तो अठराचा झाल्यावर सुरू होते, म्हणजे एकविसाव्या वर्षापर्यंत. घराच्या दाव्याला सहा वर्षं आहेत.

घराच्या दाव्यात मिळतं काय? दुरुस्तीचा आदेश, खराब झालेल्या वस्तूंची भरपाई आणि गैरसोयीबद्दल भाड्याचा काही भाग परत. समजा भाडं १२०० पौंड, मालकाला खबर मिळून वाजवी वेळ उलटल्यानंतरचे दहा महिने वाईट गेले आणि कोर्टाने तीस टक्के धरले, तर ३६०० पौंड होतात. टक्केवारी ठरलेली नसते, एक भिंत काळी आणि सगळं घर काळं यात फरक पडतो. पण तीनशेचा आकडा कुठे बसतो ते तुम्हाला कळलं असेल. गादी फेकण्याआधी दोन्ही बाजूंचे फोटो आणि पावती शोधून ठेवा.

दावा लावण्याआधी मालकाला रीतसर पत्र द्यावं लागतं आणि उत्तराला कामाचे वीस दिवस मिळतात. बरीच प्रकरणं इथेच मिटतात. ते पत्र वकिलाकडून किंवा शेल्टर, सिटिझन्स ॲडव्हाइस या सल्ला देणाऱ्या संस्थांच्या मदतीने लिहा. या दोघांचा सल्ला मोफत असतो. दारावर येऊन 'नो विन नो फी' (जिंकलो नाही तर फी नाही) म्हणणाऱ्यांना आत घेऊ नका. ती बरेचदा मधली मंडळी असतात, आणि दावा अर्ध्यात सोडला तर खर्च कोणी द्यायचा हे बारीक अक्षरात असतं. सॉलिसिटर्स रेग्युलेशन ऑथॉरिटीच्या यादीत नाव असलेला वकील पाहा. तुमच्या घरसामानाच्या विम्यात 'लीगल एक्स्पेन्सेस कव्हर' असेल तर वकिलाचा खर्च तिथूनच निघू शकतो. लोक वर्षानुवर्षं हप्ता भरतात आणि हे उघडून बघत नाहीत. आणखी एक, डिपॉझिट सरकारमान्य योजनेत तीस दिवसांत जमा केलं होतं का, तेही तपासा. नसेल तर त्याचा एक ते तीन पट दंड तुम्हाला वेगळा मागता येतो.

व्हिसाचं म्हणाल तर ह्यांना निश्चिंत राहायला सांगा. भाडेकरू म्हणून मालकावर दावा करणं व्हिसाच्या कोणत्याही अटीत अडत नाही. तुमच्या व्हिसावर 'नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स' असेल. त्याचा अर्थ सरकारी भत्ते आणि कौन्सिलचं घर घेता येत नाही. कौन्सिलच्या अधिकाऱ्याने घर तपासणं त्यात येत नाही.

राहिली ओळख. मालकांशी बोलणं तोडू नका, फोन आला तर गोडीने बोला. फक्त फोन ठेवल्यावर 'आत्ता बोललो त्याप्रमाणे' अशी दोन ओळींची ईमेल जाऊ द्या. माणूस पाठवतो म्हणाले तर तारीख लेखी मागा. चोवीस तास आधी कळवून ते आले तर दार उघडा, कामाला अडवू नका, नाहीतर दोष तुमच्याकडे येईल. आणि तो माणूस नुसता रंगाचा डबा घेऊन आला, तर ब्रश लावण्याआधी भिंतीचा फोटो काढा आणि त्याच्यादेखत मालकांना लिहून विचारा, ओल येते कुठून हे कोणी पाहिलं आहे का.